शेन बाँड : वेग आणि पाठीचा कणा

मंडळी, क्रिकेट पोचलेले नाही असे गाव आज महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. सुगी संपली, रानं मोकळी झाली की माळावर तीन काठ्या रोवल्या जातात आणि खेळ सुरू होतो. अशा प्रत्येक गावात एक तरी मुलगा असतो, अंगाने उंच, खांद्याने मजबूत, आणि सगळ्यांपेक्षा जोरात चेंडू टाकणारा. मग काय, सकाळी पहिले षटक त्याचे आणि संध्याकाळी शेवटचेही त्याचेच. शेजारच्या गावाशी सामना असला तर विचारूच नका. रात्री तो पोरगा आईला म्हणतो, "पाठ दुखतेय गं." घरचे म्हणतात, "तेल चोळ, जाईल दोन दिवसांत."

हे जे "जाईल" आहे ना, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे. त्यासाठी मी तुम्हाला दूर न्यूझीलंडमध्ये नेणार आहे आणि शेन बाँड नावाच्या एका गोलंदाजाची हकीकत सांगणार आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्च नावाचे शहर आहे. तिथे ७ जून १९७५ रोजी बाँडचा जन्म झाला. तो पुढे कँटरबरी या आपल्या प्रांताच्या संघातून खेळला. पण क्रिकेटवर पोट भरेल याची खात्री नव्हती, म्हणून पोलीस खात्यात शिरला आणि शिपाई म्हणून काही काळ नोकरी केली. वेगवान गोलंदाज साधारणपणे विसाव्या-एकविसाव्या वर्षी पुढे येतो. बाँडला देशाकडून पहिला कसोटी सामना खेळायला मिळाला तेव्हा त्याचे वय होते २६ वर्षे. तो सामना नोव्हेंबर २००१ मध्ये होबार्ट येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला.

उशिरा आला खरा, पण आला तो वादळासारखा. २००२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात तीन देशांची एकदिवसीय स्पर्धा झाली. तीत बाँडने २१ बळी घेतले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये न्यूझीलंडने कसोटी मालिका जिंकली. त्या बेटांवर न्यूझीलंडने मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या विजयात बाँडचा मोठा वाटा होता.

त्याचा चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जाई. आता याचा अर्थ काय, तो समजून घेऊ. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. एवढे अंतर हा चेंडू अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात कापतो. तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेलेला असतो. बरे, नुसता वेग असता तर फलंदाजाने कसेतरी निभावून नेले असते. बाँडचा चेंडू हवेत वळतही असे, आणि थेट फलंदाजाच्या बुंध्यात पडणारा यॉर्कर तर त्याचे खास अस्त्र होते.

११ मार्च २००३ चा एक सामना सांगतो. दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे विश्वचषक स्पर्धेत न्यूझीलंडची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली. तो ऑस्ट्रेलियाचा संघ म्हणजे त्या काळचा अजिंक्य संघ. बाँडने त्यांचे हेडन, गिलख्रिस्ट, पाँटिंग, मार्टिन असे एकेक खांब पाडले. ऑस्ट्रेलियाची अवस्था झाली ७ बाद ८४. बाँडच्या दहा षटकांत २३ धावा आणि ६ बळी! पण त्याची दहा षटके संपली, आणि बेव्हन व बिकेल या जोडीने धावसंख्या २०८ वर नेऊन ठेवली. न्यूझीलंडचा डाव ११२ धावांत आटोपला. म्हणजे एवढा पराक्रम करूनही सामना हरला तो हरलाच. बाँडच्या साऱ्या कारकिर्दीचे चित्र या एका दिवसात दिसते. जेवढा वेळ चेंडू त्याच्या हाती, तेवढा वेळ जग त्याच्या मुठीत. प्रश्न एवढाच, की तो वेळ किती?

कारण त्याच २००३ साली त्याच्या पाठीने दगा दिला. कमरेच्या मणक्याला भेग गेली. तो मारामुळे किंवा पडल्यामुळे जायबंदी झाला नव्हता. ही भेग ताणाची होती. इंग्रजीत तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि जगातल्या वेगवान गोलंदाजांचा हा जुना वैरी आहे.

ही भेग कशी पडते, ते आता जरा सावकाश पाहू. शिक्षक मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

गोलंदाज लांबून धावत येतो. शेवटच्या पावलाला उडी घेतो आणि पुढचा पाय जमिनीवर रोवतो. त्या एका क्षणी धावत्या देहाला एकदम लगाम बसतो. मोजमाप करणाऱ्यांना असे आढळले आहे की, त्या वेळी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही अधिक भार येतो. समजा, गोलंदाजाचे वजन ८० किलो आहे. पाच पट धरले तरी ४०० किलो झाले, म्हणजे चार क्विंटल! धान्याची चार भरलेली पोती एका पायावर आदळावीत, तसा हा प्रकार आहे. हा धक्का पायातून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत चढतो. आणि नेमक्या त्याच वेळी कमर काय करीत असते? ती मागे वाकलेली असते, एका कुशीवर कललेली असते, आणि वळतही असते. वाकणे, कलणे आणि पिळवटणे या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात, वर चार क्विंटलचा तडाखा. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत याचा सगळ्यात जास्त ताण बहुधा कमरेच्या डाव्या बाजूच्या हाडाच्या एका अरुंद पट्टीवर येतो.

एका चेंडूने हाड मोडत नाही. पण लोखंडी तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. पहिल्या दहा वेळा काही होत नाही. मग ती गरम होते आणि शेवटी कट्‌कन तुटते. हाडाचेही काहीसे तसेच आहे. फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. तार निर्जीव असते आणि हाड जिवंत. दिवसा जी झीज होते, ती शरीर विश्रांतीच्या काळात भरून काढते. एवढेच नव्हे, ताण बेताबेताने वाढवत नेला तर हाड पूर्वीपेक्षा बळकट होते. आपण नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत नांगराला जुंपत नाही, त्याला हळूहळू जुवाची सवय करतो. कारण तेच आहे. झीज जास्त आणि भरपाई कमी असा हिशेब चालू राहिला की एक दिवस तूट उघडी पडते. त्या तुटीचेच नाव ताणाची भेग.

अशी भेग विश्रांतीने बरी होते, पण त्याला महिने लागतात. बाँडच्या बाबतीत नुसत्या विश्रांतीने भागले नाही. २००४ मध्ये त्याच्या पाठीवर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. हाडाचा तुकडा आणि टायटॅनियम या धातूची तार वापरून मणके एकमेकांशी जोडण्यात आले. जरा विचार करा. ज्या माणसाचा धंदा पाठ वाकवून चेंडू फेकण्याचा, त्याच्याच पाठीत तार बांधलेली!

लोकांना वाटले, संपला. पण दोन वर्षांहून अधिक काळ कसोटी क्रिकेटबाहेर काढून ऑगस्ट २००५ मध्ये तो झिंबाब्वेत पुन्हा उभा राहिला. बुलावायो येथील कसोटीत पहिल्या डावात ६ आणि दुसऱ्या डावात ४ असे १० बळी त्याने ९९ धावांत घेतले. त्याच गावी त्याच महिन्यात भारताशी एकदिवसीय सामना झाला. न्यूझीलंडने २१५ धावा केल्या होत्या. भारतीय फलंदाज खेळायला आले आणि पाहता पाहता भारताची अवस्था ८ बाद ४४ झाली. पुढे जयप्रकाश यादव आणि इरफान पठाण यांनी झुंज देऊन डाव १६४ पर्यंत नेला, पण सामना गेला. बाँडने १९ धावांत ६ गडी टिपले होते. तार बांधलेल्या पाठीने हे काम केले होते.

इथे गोष्ट संपली असती तर आपण म्हटले असते, जिद्दीचा विजय झाला. पण शरीर गोष्टीच्या सोयीने वागत नाही. पाठ सावरली तर गुडघा कुरकुरू लागला. गुडघा थांबला तर पोटाचे स्नायू फाटले. नोव्हेंबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या कसोटीत तेच झाले. दर वेळी तेच चक्र : दुखापत, विश्रांती, व्यायाम, पुनरागमन, चारदोन सामन्यांत धुमाकूळ, आणि पुन्हा दुखापत.

२००८ च्या सुरुवातीला त्याने भारतातल्या इंडियन क्रिकेट लीग या खाजगी स्पर्धेशी करार केला. भारताच्या क्रिकेट मंडळाची तिला मान्यता नव्हती. परिणाम असा झाला की न्यूझीलंड मंडळाशी असलेला त्याचा करार संपला आणि काही काळ देशाकडून खेळण्याची वाट बंद झाली. कोणी त्याला बोल लावला, कोणी समजून घेतले. ज्याच्या शरीराचा उद्याचा भरवसा नाही, त्याने प्रपंचाची तजवीज पाहिली तर त्यात नवल ते काय!

२००९ मध्ये तो परत आला. नोव्हेंबरमध्ये ड्युनेडिन येथे पाकिस्तानविरुद्ध कसोटी सामना होता. दोन वर्षांनी तो कसोटी खेळत होता, वय ३४. पहिल्या डावात ५ आणि दुसऱ्या डावात ३, असे ८ बळी घेऊन त्याने न्यूझीलंडला ३२ धावांनी विजय मिळवून दिला. सामन्याचा मानकरीही तोच ठरला. आणि सामना संपल्यावर कळले की, पोटाचा स्नायू पुन्हा फाटला आहे. डिसेंबर २००९ मध्ये त्याने कसोटी क्रिकेटला रामराम ठोकला आणि मे २०१० मध्ये सर्वच क्रिकेटमधून निवृत्ती घेतली.

आता हिशेब मांडू. आठ वर्षांच्या काळात त्याला कसोटी सामने खेळता आले अवघे १८. त्यांत बळी ८७. प्रत्येक बळीमागे त्याने दिल्या २२ धावा आणि टाकले सरासरी ३८.७ चेंडू. म्हणजे दर साडेसहा षटकांना एक गडी! एवढ्या कमी चेंडूंत गडी बाद करणारे गोलंदाज कसोटीच्या साऱ्या इतिहासात फार थोडे झाले. एकदिवसीय सामने ८२, बळी १४७.

आपल्यापैकी कोणी गणिताचे गुरुजी पाटीवर त्रैराशिक मांडतील. १८ सामन्यांत ८७, तर ६० सामन्यांत किती? उत्तर येते २९०. गणित बरोबर आहे, पण मंडळी, हे गणित बाँडला लागू पडत नाही. कारण ज्या उडीने, ज्या पिळाने आणि ज्या तडाख्याने त्याला ते ८७ बळी मिळवून दिले, त्यानेच त्याची पाठही मोडली. वेग एका खिशात आणि दुखापत दुसऱ्या खिशात, असे ते नव्हते. दोन्ही एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. म्हणून "हा सारखाच दुखणाईत, नाजूक प्रकृतीचा" असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. तारेने बांधलेल्या पाठीनिशी पुन्हा त्याच वेगाने धावत येणारा माणूस नाजूक कसा?

मग यातून वाट नाहीच का? थोडीफार आहे. बाँडच्याच क्राइस्टचर्चचा दुसरा एक गोलंदाज पाहा, रिचर्ड हॅडली. १९७३ ते १९९० अशी सतरा वर्षे तो कसोटी खेळला. त्याने ८६ सामन्यांत ४३१ बळी घेतले. हाही सुरुवातीला दणादण लांबून धावत येई. पुढे १९८० च्या सुमारास त्याने आपली धाव आखूड केली. पुष्कळांनी नाके मुरडली. पण हॅडलीने थोडा वेग सोडून अचूकपणा घेतला आणि शरीर राखले. फेब्रुवारी १९९० मध्ये क्राइस्टचर्चच्याच मैदानावर तो कसोटीतला ४०० वा बळी मिळवणारा जगातला पहिला गोलंदाज झाला. तो चारशेवा फलंदाज होता आपल्या मुंबईचा संजय मांजरेकर. तेव्हा हॅडलीचे वय ३८ होते. दोघांच्या काळात, सामन्यांच्या गर्दीत, शरीराच्या ठेवणीत फरक आहे. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजू नये. पण एवढे मात्र खरे की, आपल्या शक्तीचा खर्च कसा करायचा हे हॅडलीने वेळेवर ठरवले.

बाँडची गोष्ट पुढे मुंबईपर्यंत येते. २०१५ पासून २०२३ पर्यंत तो मुंबई इंडियन्स संघाचा गोलंदाजीचा प्रशिक्षक होता. तिथे त्याच्या हाताखाली होता जसप्रीत बुमराह. बुमराहलाही २०१९ मध्ये पाठीत ताणाची भेग पडली होती. २०२२ मध्ये पाठ पुन्हा बिघडली आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराहने पाच कसोटींत ३२ बळी घेतले, पण शेवटच्या सिडनी कसोटीत पाठीने त्याला मैदानाबाहेर नेले. तेव्हा बाँडने जाहीरपणे सांगितले की, त्याच जागी पुन्हा दुखापत झाली तर ती कारकीर्द संपवणारी ठरू शकेल. म्हणून त्याला ओळीने फार कसोटी खेळवू नका. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळला, तेव्हा अनेकांनी नावे ठेवली. देशासाठी खेळायचे आणि मोजूनमापून कसले खेळता, असे म्हटले. त्यांना बाँडचे १८ सामने ठाऊक असते तर कदाचित ते थोडे थांबले असते.

आता पुन्हा आपल्या माळावर येऊ. आपल्या पोरांना बाँड किंवा बुमराह व्हायचे नसेलही. पण पाठीचा कणा सगळ्यांना सारखाच असतो, आणि वाढत्या वयात तर तो अधिक जपायचा असतो, कारण कमरेची हाडे पूर्ण पक्की होण्यास विशी उलटून जावी लागते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी कित्येक वर्षे एक मर्यादा घालून दिली होती. ती आपल्यालाही उपयोगी पडेल. तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने एका दमात ५ षटके आणि दिवसभरात १० षटके, याहून अधिक टाकायची नाहीत. चौदा-पंधराव्या वर्षी एका दमात ६ आणि दिवसात १२. सोळा-सतराव्या वर्षी एका दमात ७ आणि दिवसात १८. टेनिसच्या चेंडूच्या स्पर्धांत एका दिवसात तीन-तीन सामने होतात. तिथे हा हिशेब कोण ठेवतो? तो शिक्षकांनी ठेवावा. एक वही पुरे. तीत मुलाचे नाव, तारीख आणि टाकलेली षटके लिहावीत, सरावातलीसुद्धा. महिनाभर हात न लावलेल्या मुलाला स्पर्धेच्या दिवशी एकदम पंधरा षटके टाकायला लावू नये. धोका असतो तो या एकदम वाढीत.

आणि दुखण्याची खूण लक्षात ठेवा. कमरेच्या खालच्या भागात, एकाच बाजूला दुखते, मागे वाकले की वाढते, विश्रांतीने थांबते आणि गोलंदाजी केली की परत येते, अशी तक्रार असेल तर तेल चोळून वाट पाहू नका. गोलंदाजी लगेच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. अशी भेग सुरुवातीला साध्या क्ष-किरणांच्या छायाचित्रात बरेचदा दिसत नाही. तिला एम.आर.आय. तपासणी लागते. म्हणून "फोटोत काही नाही" एवढ्यावर मुलाला पुन्हा मैदानात उतरवू नये. दुखणे असेल तर तसे डॉक्टरांना पुन्हा सांगावे. लवकर ओळखलेली भेग विश्रांतीने बहुधा भरून येते.

शेन बाँडला मोठमोठे डॉक्टर मिळाले, संघ मिळाला, व्यायामाचे जाणकार मिळाले, आणि तरी त्याला १८ च सामने खेळता आले. आपल्या गावातल्या पोराजवळ यांपैकी काही नसते. त्याच्याजवळ असतात फक्त तुम्ही, त्याचे गुरुजी, त्याचा कप्तान, त्याचे आईबाप. जोरात चेंडू टाकण्याची हौस त्याला उपजतच असते, ती शिकवावी लागत नाही. "आज पुरे, आता चेंडू दुसऱ्याकडे दे" हे मात्र कुणीतरी मोठ्या माणसाने सांगावे लागते. पुढच्या सामन्यात त्या पोराने सहावे षटक संपवून सातव्यासाठी हात पुढे केला, तर तुम्ही ते नक्की सांगाल, एवढा माझा विश्वास आहे.